पाहिलेला संदर्भ, ऐकीव संदर्भ

प्रति,
मा. कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे



बी.एड. आणि एम.एड.चे प्रकल्प, लघुशोधप्रबंध आणि पीएच.डी.चे प्रबंध यांच्या शेवटी जी संदर्भसूची असते, तिच्याबद्दल हे पत्र आहे. त्यातही विशेष शिक्षणावरच्या लेखनाबद्दल. विषय वरवर किरकोळ वाटेल. स्वल्पविराम कुठे द्यायचा, सालाला कंस करायचा की नाही, आडनाव आधी की नाव आधी, एवढ्यापुरतीच संदर्भसूचीची चर्चा आपल्याकडे होते आणि बरेच मार्गदर्शकही तेवढेच तपासतात. माझे म्हणणे वेगळे आहे. लिहिणाऱ्याने जो संदर्भ दिला तो स्वतः पाहिला होता, की दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलला होता, हे वाचणाऱ्याला कळलेच पाहिजे. कारण विशेष शिक्षणातले विधान कागदावर थांबत नाही, ते मुलापर्यंत जाते. काटेवाडी, सणसर, बेलवाडी अशा गावांतल्या शाळांना समग्र शिक्षेतला विशेष शिक्षक मिळतो तो एका शाळेचा नसतो, त्याच्या वाट्याला अनेक शाळा असतात. तिसरीतले मूल वाचत नाही म्हटल्यावर त्याच्याबाबत काय करायचे, कोणत्या चाचणीला पाठवायचे, घरी आईवडिलांना काय सांगायचे, हे तो पदवीच्या काळात वाचलेल्या नोट्सच्या आधारे ठरवतो. त्या नोट्स कुठल्यातरी प्रबंधावरून आलेल्या, तो प्रबंध आणखी एका प्रबंधावरून. या साखळीतली पहिली कडी कुणी डोळ्यांनी पाहिली होती का, एवढाच प्रश्न आहे.

उदाहरणादाखल एडगर डेलचा अनुभवशंकू घ्या. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो पाठ असतो. बहुतेक ठिकाणी त्याच्या शेजारी टक्केवारी छापलेली असते: वाचलेले दहा टक्के लक्षात राहते, ऐकलेले वीस, पाहिलेले तीस, आणि स्वतः केलेले नव्वद. खाली आधार दिलेला असतो, डेल, १९४६. प्रत्यक्षात डेलच्या पुस्तकात ही टक्केवारी नाही. शंकू हे अनुभवांच्या प्रकारांचे एक सोयीचे चित्र आहे, त्याचा फार शब्दशः अर्थ घेऊ नका, असे डेलने स्वतःच बजावले होते. आकडे सापडतात ते १९६७ साली डी. जी. ट्रायक्लर यांनी दृक्‌श्राव्य साधनांच्या एका नियतकालिकात लिहिलेल्या लेखात, आणि तिथेही त्यांना कोणत्याही प्रयोगाचा आधार दिलेला नाही. पुढे कुणीतरी ते शंकूला चिकटवले आणि पिढ्यान्‌पिढ्या ते डेलच्या नावावर खपले. माणसाची स्मरणशक्ती अशी दहाच्या पाढ्यात चढत जाईल का, अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही, कारण खाली नाव आणि साल होते. आता हे विशेष शिक्षणात आणून पाहा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला वाचायला शिकवण्यात अर्थ नाही, वाचलेले दहा टक्केच टिकते, असा निष्कर्ष या तक्त्यावरून काढायला कितीसा वेळ लागतो? दृश्य, श्राव्य आणि कृतिशील अशा ‘अध्ययनशैलीं’चेही तसेच. २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या विषयावरचे संशोधन तपासले. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने ते अधिक शिकते, असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. तरीही ‘हे मूल श्राव्य शैलीचे आहे’ ही नोंद वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात एकदा पडली, की त्या मुलापुढचे पुस्तक कायमचे बाजूला सरकू शकते.

आकड्यांच्या बाबतीत तर स्रोत उघडून पाहिल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात हा आकडा सुमारे २९.६ लाख. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाने जगातले प्रमाण सुमारे १५ टक्के सांगितले. प्रस्तावनेत हे दोन्ही आकडे एकाखाली एक मांडलेले दिसतात आणि त्यांच्यातल्या सहा-सातपट अंतराबद्दल एक ओळही नसते. अंतर येते ते प्रश्नामुळे. ‘घरात कुणी अपंग आहे का’ असे दारात उभे राहून विचारले तर एक उत्तर येते. पाहण्यात, ऐकण्यात, चालण्यात, लक्षात ठेवण्यात किती अडचण येते असे विचारले तर दुसरे. जनगणनेच्या तक्त्यात आठ रकाने होते: दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, मतिमंदत्व, मानसिक आजार, इतर, आणि एकाहून अधिक अपंगत्वे. अध्ययन अक्षमतेचा रकानाच नव्हता. ती कायद्यात आली २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, ज्याने १९९५च्या कायद्यातले सात प्रकार एकवीसवर नेले. म्हणून ‘२०११च्या जनगणनेनुसार अध्ययन अक्षम मुलांचे प्रमाण’ असे वाक्य ज्याने लिहिले त्याने जनगणना उघडलेली नाही, हे निःशंक समजावे.

या सगळ्याहून मोठी अडचण भाषेची आहे, आणि तिथे मला थोडे थांबायचे आहे. वाचन-अक्षमतेवरचे जे संशोधन आपण संदर्भ म्हणून देतो ते बहुतांशी इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवर झालेले आहे. इंग्रजी ही वाचायला शिकण्याच्या दृष्टीने जगातली एक विचित्र भाषा आहे. फिलिप सीमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातल्या तेरा लेखनपद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या इयत्तेच्या शेवटी बहुतेक भाषांतली मुले ओळखीचे शब्द नव्वद टक्क्यांच्या वर अचूक वाचत होती. इंग्रजी वाचणारी स्कॉटिश मुले जेमतेम चौतीस टक्के. तेव्हा इंग्रजीतल्या अडचणीची लक्षणे मराठी मुलावर जशीच्या तशी लावता येत नाहीत. देवनागरीत मुलाची गाडी वेगळ्याच ठिकाणी अडते. ‘दिवस’ लिहिताना पहिली वेलांटी द च्या डावीकडे काढायची, उच्चार मात्र द नंतर करायचा. एकच र ‘रस’मध्ये सरळ उभा असतो, ‘सूर्य’मध्ये रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी जातो, आणि ‘दुसऱ्या’मध्ये यांतले काहीच न करता वेगळाच आकार घेतो. घ आणि ध, भ आणि म यांत फरक तो शिरोरेषेतल्या एका फटीचा किंवा गाठीचा. बाराखडी आणि जोडाक्षरे धरली तर मुलाला शेकड्यांनी अक्षरे आत्मसात करायची असतात. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास करून २००७ मध्ये दाखवले की अक्षरज्ञान पक्के व्हायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ जातो. इंग्रजीच्या मापाने मोजले तर ही संथ प्रगती दोष ठरेल. अक्षरलिपीच्या मापाने ती स्वाभाविक आहे. ‘डिस्लेक्सिया असलेली मुले अक्षरे उलटी लिहितात’ असे वाक्य मराठी प्रबंधात येते, तेव्हा कोणत्या भाषेतली, कोणत्या वयाची, कुठली मुले, हे त्याच ओळीत यायला हवे. ते नसेल तर तो संदर्भ अर्धाच आहे.

मराठीत असे काम झालेले नाही असेही नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या पुढाकाराने कर्नाटकात यादगीर आणि आपल्याकडे पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सुमारे सातशे मुलांचा वाचन-लेखनाचा प्रवास तीन वर्षे सलग नोंदला गेला. वाड्याचे काम सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’ संस्थेबरोबर झाले. २०१७ मध्ये अहवाल आला. तिसरी संपत आली तरी मोठ्या संख्येने मुले साधा उतारा नीट वाचू शकत नव्हती, आणि शिकवण्याची पद्धत हे त्याचे एक ठळक कारण होते. काटेवाडीच्या परिसरातल्या विशेष शिक्षकाला हा अहवाल परदेशी पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त उपयोगी आहे. भवानीनगरच्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबे येतात, मुले अर्धे वर्ष एका शाळेत आणि अर्धे वर्ष फडात असतात. असे मूल वाचत नसेल तर ते अध्ययन अक्षम आहे की त्याला सलग शिकवलेच गेले नाही? अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदानपुस्तिका सुद्धा, जिचा ‘पाच ते पंधरा टक्के’ हा आकडा सगळे उद्धृत करतात, अपुऱ्या शिकवण्यामुळे आलेली अडचण वगळूनच निदान करा असे सांगते. आकडा सगळ्यांनी उचलला, अट मागे राहिली. दुय्यम संदर्भात हे नेहमी होते. अट, मर्यादा, नमुन्याचे वर्णन हे मूळ लेखातच राहते आणि प्रवास करतो तो फक्त आकडा. मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या अध्ययन अक्षमता केंद्रातून सुनील कारंडे, माधुरी कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे मोलाचे लेखन केले. त्यांनी तपासलेली मुले प्रामुख्याने मुंबईतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतली. त्या निष्कर्षांना ‘महाराष्ट्रातील मुले’ असे लेबल लावून जिल्हा परिषदेच्या शाळेला चिकटवण्याचा दोष त्यांच्या कामाचा नाही, उद्धृत करणाऱ्याचा आहे.

चाचण्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. बिने-कामत चाचणी आजही अनेक ठिकाणी बुद्ध्यंक काढायला वापरली जाते. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेची चाचणी बसवली, १९३४ मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि १९४० मध्ये पुस्तक काढले. मराठी मुलांसाठी इतक्या लवकर इतके कष्ट घेणाऱ्या या माणसाचे नाव आपल्या शिक्षणाच्या इतिहासात मोठ्या अक्षरात असायला हवे. पण प्रबंधात त्यांच्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीचे साल पडते आणि वाचणाऱ्याला वाटते की मानके त्या सालातली आहेत. मूळ मोजणी स्वातंत्र्यापूर्वीच्या मुलांवरची आहे. जेम्स फ्लिन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले की चाचण्यांवरचे सरासरी गुण पिढीगणिक वाढत जातात, अमेरिकेत दर दहा वर्षांना सुमारे तीन. म्हणजे जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगून दिसण्याची शक्यता असते, आणि सीमेवरचे मूल मदतीच्या बाहेर पडू शकते. एका सालाच्या चुकीच्या नोंदीतून हे घडते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की विशेष शिक्षकाने मुलांना शिकवावे, त्याला ग्रंथालयात का बसवता? मला वाटते, त्याचा वेळ वाचावा म्हणूनच हे हवे. ज्याने पानासह संदर्भ दिला त्याने पुढच्याचा एक दिवस वाचवला, ज्याने नुसते नाव ठोकले त्याने तो दिवस खाल्ला. दुसरा आक्षेप रास्त आहे: बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्याला मूळ लेख मिळणार कुठून? ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ या योजनेत २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली, पण स्वयंसेवी संस्थांच्या विशेष शाळा तीत बसत नाहीत. हे मान्य. मात्र अमेरिकेचे ‘एरिक’ भांडार साठ वर्षांपासून शिक्षणविषयक लेखनाची नोंद ठेवते आणि त्यातले बरेचसे फुकट वाचता येते. शोधगंगेवर देशभरातले पीएच.डी. प्रबंध आहेत, जनगणनेचे तक्ते, कायदे, शासन निर्णय यांना पैसे पडत नाहीत. शासन निर्णयाच्या शेवटी तर संगणक सांकेतांक छापलेलाच असतो. तो उतरवून घ्यायला एक मिनिट लागते, आणि तरीही सूचीत ‘महाराष्ट्र शासन, शासन निर्णय, २०१८’ एवढेच लिहिले जाते, जणू त्या वर्षी शासनाने एकच निर्णय काढला होता. आणि मूळ लेख खरोखरच मिळाला नाही तर? तर तसे लिहावे. ‘अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. न पाहिलेले पाहिले म्हणून दाखवणे हा कमीपणा आहे.

संदर्भांचे हे सोवळे पाश्चात्त्यांचे, आपले नव्हे, असेही ऐकू येते. ज्या तुकोबांच्या पालखीपुढे काटेवाडीत दरवर्षी धोतरांच्या पायघड्या पडतात, त्यांची गाथा १८६९ साली छापायला घेताना शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या पोथ्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला सुरुवात केली ती बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद पाहा, या आग्रहापायी. अस्सल, नक्कल, प्रक्षिप्त, साधन हे शब्द मराठी संशोधनाने रुळवलेले आहेत. इतिहासात आपण बखर आणि पत्र यांत फरक करतो, मग शिक्षणशास्त्रात बखरीवर मुलाचे भवितव्य का ठरवतो?

चौथा आक्षेप प्रशासनाकडून येईल, की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार साम्यतपासणी होतेच, दहा टक्क्यांच्या वर साम्य असले तर प्रबंध अडतो. ती तपासणी उचललेली वाक्ये पकडते. खोटा संदर्भ पकडणे तिचे काम नाही. डेलच्या नावावरची टक्केवारी स्वतःच्या शब्दांत लिहिली तर साम्य शून्य. आता तर संगणकाला सांगितले की तो अस्तित्वातच नसलेल्या लेखाचे शीर्षक, लेखक आणि पृष्ठक्रमांक अगदी नीटनेटके जुळवून देतो. असा बनावट संदर्भ साम्यतपासणीत सगळ्यात स्वच्छ ठरेल.

शब्दांचा एक गुंता मात्र विद्यार्थ्यांच्या हातचा नाही, तो आपणच सोडवायला हवा. अपंग, विकलांग, दिव्यांग, मूकबधिर, कर्णबधिर, मतिमंद, बौद्धिक अक्षमता. शब्द बदलले ते चांगल्यासाठी, जुन्यांत अवहेलना होती. पण ‘दिव्यांग’ टाकून शोधणाऱ्याला साधारण २०१५च्या आधीचे मराठी लेखन सापडत नाही, आणि ‘बौद्धिक अक्षमता’ टाकून पाहणाऱ्याला पुण्याच्या कामायनीसारख्या संस्थांनी उभ्या केलेल्या कामाबद्दल जुन्या शब्दांत लिहिलेले काहीच दिसत नाही. आपल्या विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये बदलले, तेव्हा जुने प्रबंध जुन्या नावाखाली आणि नवे नव्या नावाखाली गेले. त्यात मराठी शीर्षके रोमन लिपीत प्रत्येकाने आपापल्या मनाने लिहिलेली. मग मराठीत काही झालेच नाही असे ठरते आणि विद्यार्थी पुन्हा इंग्रजी पाठ्यपुस्तकाकडे वळतो.

म्हणून आपल्याला विनंती अशी. विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषद ठरवते हे खरे, पण पदवी विद्यापीठ देते आणि प्रबंधाचे नियमही विद्यापीठाचे. संदर्भसूचीत प्रत्येक नोंदीपुढे ‘पाहिला’ किंवा ‘दुय्यम’ हा एक शब्द सक्तीचा करा. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात प्रत्येक अभ्यासातली मुले कोणत्या भाषेत वाचणारी, किती वयाची आणि कुठली, हे नोंदवायला लावा. तोंडी परीक्षेत परीक्षकाने सूचीतले कोणतेही तीन संदर्भ निवडावेत आणि विद्यार्थ्याने ते पान उघडून दाखवावे. एवढ्या एका प्रथेने दोन वर्षांत सूची निम्म्या होतील आणि उरलेल्या खऱ्या असतील. एम.एड.चे लघुशोधप्रबंध शोधगंगेवर जात नाहीत, ते महाविद्यालयांच्या कपाटांत राहतात. विशेष शिक्षणावरचे सगळे मराठी लघुशोधप्रबंध, मुलांची ओळख उघड होणार नाही अशी काळजी घेऊन, देवनागरी शीर्षकांसह खुले करा, आणि प्रत्येकापुढे विषयाचा जुना शब्दही लिहा, नवा शब्दही. यासाठी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही. एक परिपत्रक आणि ग्रंथपालांचे काही महिने लागतात.

पुढच्या शैक्षणिक वर्षाची प्रबंध-नियमावली छापायला जाण्याआधी हे परिपत्रक काढावे, ही विनंती.

आपला नम्र,
काटेवाडी (ता. बारामती) येथील एक नागरिक